कारागीर आणले, पण विद्या राहिली का? कल्याण, मुंबई आणि दमण : जहाजबांधणीतल्या तीन भरत्या

मंडळाच्या पावसाळी बैठकीत मी जहाज बांधणाऱ्या माणसांविषयी अर्धा तास बोललो होतो. वेळ संपली आणि विषय अर्ध्यावर राहिला. नंतर चहाच्या वेळी दोघा-तिघांनी आग्रह केला की, हे लिहून काढा. म्हणून हे टिपण. मी इतिहासाचा पदवीधर नाही. पंचवीस वर्षं लोखंड कापण्यात आणि जोडण्यात गेली, कागद वाचायला लागलो तो चाळिशीनंतर. त्यामुळे कुठलाही जुना कागद हातात आला की मी आधी राजा कोण होता ते बघत नाही. काम कोणी केलं, त्याला पगार कुठून मिळाला आणि त्याच्यानंतर ते काम कोणी केलं, एवढंच बघतो. सवयीचा दोष म्हणा.

हा प्रश्न मला पडला तो पुस्तकात नव्हे, यार्डात. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

गोव्यात खनिजाचा धंदा जोरात होता तेव्हा मांडवी आणि जुवारीच्या काठावरच्या यार्डांना बार्जेसच्या ऑर्डरी पुरवता पुरवत नव्हत्या. मी अशाच एका खासगी यार्डात होतो. एका बार्जची ऑर्डर असताना एकदम चार आल्या. कंत्राटदाराला फोन गेला आणि महिन्याभरात वेल्डर, फिटर, गॅस कटर मिळून माणसं दुप्पट झाली. आम्ही त्याला अभिमानाने ‘विस्तार’ म्हणत होतो.

त्या यार्डात एक वयस्क मेस्त होते. जाड पत्रा वाकवण्याचं काम त्यांचं. नाळेकडचा पत्रा एकाच बाजूला वाकून भागत नाही, तो दोन्ही बाजूंनी वळलेला लागतो. रोलर मशीनमधून एक बाक येतो, दुसरा बाक गॅसच्या ज्योतीने रेघ तापवून आणि तिच्यावर लगेच पाणी मारून आणावा लागतो. रेघ कुठे ओढायची, किती वेगाने, कुठे थांबायचं, हे कुठल्याही ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं. मेस्त पत्र्याभोवती दोनदा फिरायचे, खडूने चार रेघा मारायचे आणि ज्योत हातात घ्यायचे. एकदा मला म्हणाले, “सायब, दोन पोरं द्या माझ्या हाताखाली. तीन वर्षांत तयार करतो.” मी वर विचारलं. उत्तर आलं की ऑर्डरीवर माणसं घ्या, शिकाऊ नकोत. तो नकाराचा कागद मीच टाइप करून घेतला, त्यावर सही माझी आहे.

२०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. बार्जेस नदीत नुसत्या उभ्या राहिल्या आणि कंत्राटी माणसं आली तशी गेली. मेस्तही घरी बसले. काही वर्षांनी एक लहान बोट करायला घेतली तेव्हा नाळेचे पत्रे जमेनात. तापवून तापवून सहा पत्रे भंगारात गेले. मेस्तांना आणायला माणूस पाठवला, तर ते गेल्याचं कळलं. त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्यामागे लागला आहे. जहाजाच्या यार्डात माणसं भरणं आणि विद्या भरणं या दोन गोष्टी एक नाहीत. मग आपल्या किनाऱ्यावर हे कोणाला कधी साधलं, आणि कोणाला का साधलं नाही?

कल्याणची भरती

पहिला दाखला आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजीमहाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. मागे सागाचं रान आणि पुढे उल्हास नदीची खाडी, म्हणजे जहाज बांधायला लागणारं निम्मं सामान जागेवरच. समोर दंडा-राजपुरीचा सिद्दी होता, आणि त्याच्याशी गाठ घालायची तर पाण्यात उतरण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

निम्मं सामान होतं, उरलेलं निम्मं माणसांच्या हातात होतं. कोकणात सुतार कमी नव्हते. मचवे, शिबाडं, पडाव पिढ्यानपिढ्या बांधले जात होते. पण व्यापाराचं तारू आणि लढाऊ जहाज यांत फरक असतो. तोफ सुटली की तिचा हिसका मागे येतो, आणि तो फळ्या-बरगड्यांनी सोसावा लागतो. तोफेचं वजन वरच्या बाजूला असल्यामुळे जहाज कलंडण्याचा धोका वाढतो. मग रुंदी किती ठेवायची, तळाशी भार किती घालायचा, याची सगळी गणितं बदलतात. या कामाचा अनुभव त्या वेळी वसईच्या पोर्तुगीज मुलखातल्या लोकांना होता. महाराजांनी तिथलीच माणसं नोकरीला घेतली. रुई लैतांव व्हिएगस हा त्यांचा म्होरक्या. त्याच्याबरोबर पोर्तुगीज आणि मिश्र रक्ताचे मिळून तीनशेहून अधिक लोक होते. वीसेक लहान लढाऊ गलबतं बांधण्याचं काम चाललं होतं.

गोव्याच्या गव्हर्नराने १६ ऑगस्ट १६५९ रोजी पोर्तुगालला पाठवलेल्या पत्रात या कामाची दखल आहे. शहाजीच्या मुलाने वसई-चौलजवळचा मुलूख घेतला आहे आणि भिवंडी, कल्याण, पनवेल इथे तो लढाऊ जहाजं बांधतो आहे, असा त्याचा आशय. पणजीच्या दफ्तरखान्यातले असे कागद पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य घालून उजेडात आणले. नाहीतर मराठी आरमाराच्या जन्माची ही बाजू आपल्याला दिसलीच नसती.

पुढे काय झालं ते प्रसिद्ध आहे. वसईचा कप्तान आंतोनियु द मेलु द काश्त्रु याच्या लक्षात आलं की, ही गलबतं आज सिद्दीवर जातील आणि उद्या आपल्यावर येतील. त्याने व्हिएगसकडे माणूस पाठवला. समजूत, धर्म, राजाची निष्ठा, जे काही लागलं ते वापरलं असेल. १६५९ च्या सुमारास ही सगळी मंडळी एका रात्रीत, कोणाला न सांगता, पोर्तुगीज हद्दीत निघून गेली.

इंजिनिअर म्हणून मी या प्रसंगाकडे बघतो तेव्हा अंगावर काटा येतो. सकाळी खाडीकाठी अर्धी गलबतं उभी आहेत. पठाण, म्हणजे जहाजाचा कणा, टाकलेलं आहे. काहींच्या बरगड्या चढल्या आहेत, काहींच्या फळ्या लागल्या आहेत. आणि पुढची बरगडी कुठे, कशी वळवायची हे सांगणारा माणूस नाही. त्या काळी नकाशे नव्हते. बरगडीचा आकार फळकुटाच्या साच्यावर आणि मेस्तरीच्या डोळ्यात असायचा. साचा मागे राहिला तरी डोळा गेलेला.

बरेच जण ही गोष्ट फितुरी म्हणून सांगतात आणि तिथेच थांबतात. माझं लक्ष मात्र त्यानंतरच्या पाच वर्षांकडे जातं. नोव्हेंबर १६६४ मध्ये मालवणला सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज स्वतः मोठा काफिला घेऊन समुद्रमार्गे बसरूरवर गेले. ज्या राज्याचे जहाजबांधणीचे उस्ताद रातोरात गेले, त्या राज्याकडे पाच-सहा वर्षांत असं आरमार उभं राहतं. याचा अर्थ मी असा लावतो की, ती तीनशे माणसं कल्याणला एकटी काम करत नव्हती. त्यांच्या शेजारी वाकस आणि करवत घेऊन कोकणातले सुतार उभे होते, आणि ते बघत होते. पठाणावर बरगडी बसवायला दोन माणसं लागतात. त्यातला एक गेला, दुसरा राहिला.

हा माझा कयास आहे. पण यार्डात काम केलेल्या कोणालाही तो पटेल. विद्या वर्गात कमी आणि वजन उचलताना जास्त शिकली जाते.

पगार कशातून द्यायचा?

कारागीर राहण्याचा दुसरा भाग पैशाचा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेलं ‘आज्ञापत्र’ लिहिलं गेलं. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. आपल्याकडे त्यातला झाडांचा भाग नेहमी सांगितला जातो. जहाजाला साग वगैरे लाकूड परवानगीने सरकारी रानातून आणावं. रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावं. हे सुंदरच आहे.

पण मला त्याच प्रकरणातली दुसरी सूचना जास्त मोलाची वाटते. आरमाराचा तनखा मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, मिळेल त्या प्राप्तीवर ठेवू नये, कारण तसं केलं तर सावकारांना उपद्रव होतो आणि बंदरं ओस पडतात, असं अमात्य सांगतात. त्यांचा मुद्दा व्यापाराच्या रक्षणाचा आहे. मी त्यात आणखी एक गोष्ट वाचतो. ज्याचा पगार मिळेल त्या प्राप्तीवर आहे, तो माणूस प्राप्ती आटली की जातो. आमच्या यार्डात प्राप्ती म्हणजे ऑर्डर होती. ऑर्डर होती तोवर माणसं होती. अमात्यांनी तीनशे वर्षांपूर्वी जे ओळखलं, ते आमच्या हिशेबनिसाला कधी पटलं नाही.

कान्होजी आंग्र्यांच्या काळात ही विद्या बहराला आली. विजयदुर्गाच्या वाघोटण खाडीत गिर्येजवळ त्यांची खडकात कोरलेली गोदी आजही दिसते. भरतीला जहाज आत घ्यायचं आणि पाणी ओसरलं की तळाचं काम करायचं. मी दोनदा जाऊन आलो आहे. ओहोटीच्या वेळी तिच्या तळाशी उभं राहून वर बघा, मग ‘कोकणी सुतार’ हा शब्द वेगळ्याच वजनाने उच्चाराल. पण फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तुळाजी आंग्र्यांवर चाल केली आणि विजयदुर्गाजवळ ते आरमार जळालं. कल्याणला परक्यांनी पाठ फिरवली तेव्हा साखळी तुटली नव्हती. विजयदुर्गाला तिच्यावर मोठा घाव बसला, आणि त्यात आपलाच हात होता. हे कडू आहे, पण लिहायला हवं.

सुरतेहून आलेले अकरा जण

याच काळात, किनाऱ्यावर थोडं उत्तरेला, एक अगदी लहान भरती झाली होती. तिचा आकार बघितला तर कोणी दखलही घेतली नसती.

सन १७३५. ईस्ट इंडिया कंपनीला एक जहाज बांधून हवं होतं. त्यासाठी डडली नावाचा तिचा अधिकारी सुरतेला गेला. सुरत त्या वेळी पश्चिम किनाऱ्यावरची मोठी जहाजबांधणीची पेठ. तिथल्या कामाची खासियत अशी की, फळीला फळी नुसती टेकवून मधली फट बुजवायची, असं ते करत नसत. एका फळीची कड कोरून दुसरीच्या खाचेत घट्ट बसवायची, आणि मग खिळे. अशा सांध्यातून पाणी शिरायला वावच राहत नाही, आणि लाटेचा मार बसला तर दोन्ही फळ्या मिळून सोसतात. वेल्डिंग शिकलेला माणूस म्हणून मला या सांध्याचा हेवा वाटतो.

त्या कामावर लवजी नसरवानजी नावाचा एक पारशी फोरमन होता. डडलीला त्याचं काम आवडलं. मुंबईला चल म्हणाला. लवजीने काय करावं? वसईच्या कप्तानाने व्हिएगसची माणसं ज्या रीतीने फोडली, तशी ही फोडता आली असती. पण लवजी हातातलं जहाज पुरं झाल्याशिवाय आणि आपल्या उस्तादाची संमती मिळाल्याशिवाय निघायला तयार झाला नाही. जहाज पुरं झालं, संमती मिळाली आणि १७३६ मध्ये तो दहा सुतार बरोबर घेऊन मुंबईत आला. दहा आणि एक, अकरा माणसं. कल्याणला तीनशेहून अधिक होती.

मुंबईत जागा निवडून झाल्यावर कंपनीने लवजीला लाकडाचे सौदे करण्यासाठी पुन्हा उत्तरेला पाठवलं. परत येताना तो आपलं कुटुंब घेऊन आला. माझ्या मते या संपूर्ण कथेतली सर्वांत महत्त्वाची नोंद ही आहे. माणूस कामाला येतो तेव्हा तो पाहुणा असतो. बायका-मुलं येतात तेव्हा तो गावचा होतो.

यार्ड हळूहळू वाढलं. १७५० मध्ये पहिली सुकी गोदी झाली, पुढे १७६२ आणि १७६५ मध्ये तिला जोडून आणखी दोन. सुकी गोदी म्हणजे पाणी अडवून, उपसून जहाजाचा तळ कोरडा करता येईल अशी बांधीव जागा. गोदी आली की नवी बांधणी नसली तरी डागडुजीचं काम बारा महिने मिळतं. ही गोष्ट बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. कारागीर टिकतो तो नव्या जहाजांच्या ऑर्डरीवर नव्हे, जुन्या जहाजांच्या दुरुस्तीवर. आमच्या यार्डाने दुरुस्तीचं काम ‘फायदा कमी’ म्हणून नाकारलं, तिथेच आम्ही चुकलो.

लवजीचे मुलगे माणेकजी आणि बमनजी बापाच्या हाताखाली तयार झाले. नातवांची, म्हणजे फ्रामजी माणेकजी आणि जमशेटजी बमनजी यांची, पाळी आली तेव्हा त्यांना साहेबाची खुर्ची मिळाली नाही. महिना बारा रुपयांवर साधे सुतार म्हणून ते कामाला लागले आणि वाकस हातात धरून शिकले. लवजी १७७४ मध्ये वारला. त्याने उभी केलेली ही शिकवणीची पद्धत मात्र पुढे चालत राहिली.

फळ काय आलं ते जगाने बघितलं. जमशेटजीच्या हाताखाली ७४ तोफांची ‘मिन्डेन’ ही ब्रिटिश नौदलाची युद्धनौका १८१० मध्ये मुंबईत पाण्यात उतरली. १८१३ ची ‘कॉर्नवॉलिस’ इथलीच. तिच्यावरच १८४२ मध्ये चीनबरोबरच्या नानकिंगच्या तहावर सह्या झाल्या. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी उतरलेली ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे अजून पाण्यावर तरंगते आहे. सागाचं लाकूड आणि मुंबईचे हात, दोनशे वर्षांनंतरही शाबूत. वाडिया घराण्याकडे मुंबईच्या गोदीतलं मुख्य बांधणाऱ्याचं पद जवळजवळ दीडशे वर्षं राहिलं.

वाफ आल्यावर हेच घराणं पुन्हा विद्यार्थी झालं. जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी हे दोघे १८३८ मध्ये जहाजबांधणी शिकायला इंग्लंडला गेले आणि चॅटहॅमच्या सरकारी गोदीत राहिले. त्यांचाच आप्त अर्देशिर करसेटजी १८४१ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला. तो मान मिळवणारा पहिला भारतीय. त्याच वर्षी मुंबईच्या वाफेच्या कारखान्याचा तो मुख्य इंजिनिअर झाला आणि युरोपियन कामगार त्याच्या हाताखाली आले. लाकडाची विद्या लोखंडाच्या काळात पुरणार नाही हे त्यांनी वेळेवर ओळखलं.

इथे एक शंका रास्त आहे, आणि बैठकीत आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी ती काढलीच. एकाच घरात दीडशे वर्षं पद, याला विद्या टिकवणं म्हणायचं की दार लावून घेणं? प्रश्न बरोबर आहे. त्या यार्डात वाकस चालवणारे असंख्य हात होते, त्यांची नावं आपल्यापर्यंत आली नाहीत. घराण्याची साखळी राहिली म्हणून विद्या राहिली, आणि घराण्याची साखळी होती म्हणूनच ती ठरावीक माणसांच्या नावावर राहिली. मी घराणेशाहीची वकिली करत नाही. साखळी हवी, ती रक्ताचीच हवी असं नाही. आमच्या मेस्तांनी दोन पोरं मागितली तेव्हा स्वतःची मागितली नव्हती.

गोव्याचं यार्ड आणि दमणचा मेस्तरी

आता आपल्या घरी येऊ. जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीतून उतरून मांडवीकाठी उभे राहिलात तर जवळच पोर्तुगीजांचं यार्ड होतं, ‘रिबेरा’. पण जहाज बांधायला इथे पोर्तुगीजांनी सुरुवात केली असं नाही. १५१० मध्ये अल्बुकर्कने गोवा घेतला तेव्हा आदिलशाहीच्या यार्डात जहाजांची बांधणी चालू होती. त्याने ते यार्डच आपल्या कामाला लावलं. १५६० च्या आसपास इथे बांधलेलं ‘सिंकु शागस’ हे सागाचं मोठं जहाज पंचवीस वर्षांच्या आसपास गोवा-लिस्बन वाटेवर चाललं. त्या वाटेवर बहुतेक जहाजांना तीन-चार फेऱ्यांत मोडीत काढावं लागे, हे ध्यानात घेतलं म्हणजे या कामाची किंमत कळते.

पोर्तुगीजांची भारतातली शेवटची मोठी बांधणी मात्र दमणला झाली, आणि तिच्यात मराठ्यांचा एक धागा आहे. मराठी आरमाराने ‘सांतान’ नावाच्या पोर्तुगीज जहाजाचं नुकसान केलं होतं. त्याच्या भरपाईपोटी १७७९ च्या तहाप्रमाणे पेशव्यांनी नगर हवेलीचा मुलूख दिला आणि १७८३ मध्ये तो पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. नगर हवेली म्हणजे सागाचं रान. समुद्रात एक जहाज गमावलं आणि बदल्यात जहाजांचं जंगल मिळालं, असा तो व्यवहार.

त्याच रानाच्या सागातून दमणला ‘दों फेर्नांदु सिगुंदु ई ग्लोरिया’ ही फ्रिगेट बांधली गेली आणि २२ ऑक्टोबर १८४३ रोजी पाण्यात उतरली. देखरेखीला पोर्तुगीज नौदलाचा बांधकाम अधिकारी होता. पण भारतीय आणि पोर्तुगीज कारागिरांचा प्रमुख, प्रत्यक्ष बांधणारा मेस्तरी, हा इथला होता. पोर्तुगीज नोंदीत त्याचं नाव ‘यादो सेमोजी’ असं पडलं आहे. परक्या कानांनी ऐकलेलं आणि परक्या लिपीत लिहिलेलं नाव. तरी निदान लिहिलं गेलं. सांगाडा तयार झाल्यावर तो ओढत गोव्याला आणला, इथे डोलकाठ्या आणि दोरखंड चढले, आणि फेब्रुवारी १८४५ मध्ये ती गोव्याहून लिस्बनला निघाली.

ही फ्रिगेट १९६३ मध्ये आगीत सापडली. जळका सांगाडा जवळजवळ तीस वर्षं तेजू नदीच्या चिखलात पडून होता. १९९२ मध्ये तो उचलून दुरुस्तीला घेतला आणि १९९८ मध्ये ती पुन्हा लोकांना बघायला उभी राहिली. लिस्बनसमोरच्या काठावर आज ती संग्रहालय आहे. आग आणि चिखल दोन्ही पचवून नगर हवेलीचा साग उरला.

तिन्ही भरत्या शेजारी ठेवून बघा. कल्याणला माणसं पुष्कळ होती, पण त्यांची मुळं शत्रूच्या मुलखात होती. तरी काम टिकलं, कारण शेजारी शिकणारे उभे होते. मुंबईला माणसं अकराच होती, पण कुटुंबं आली, गोदीमुळे बारमाही काम आलं आणि नातवालाही वाकसापासून सुरुवात करावी लागली. ते दीडशे वर्षं चाललं. दमणला मेस्तरी होता, रान होतं, हुन्नर अव्वल होता. पण लाकडाच्या जहाजांचा काळ सरला तेव्हा त्या कारागिरांना लोखंड शिकवायला कोणी पाठवलं नाही. मोठी फ्रिगेट त्यांच्या हातून पुन्हा झाली नाही.

आज वास्कोला १९५७ मध्ये पोर्तुगीजांनी सुरू केलेलं यार्ड सरकारी मालकीचं आहे आणि तिथे नौदलासाठी फ्रिगेटी बांधल्या जातात. ‘त्रिपुट’ जुलै २०२४ मध्ये उतरली. आराखडा रशियन, हात इथले. देशभर यार्डांच्या ऑर्डरी वाढत आहेत, भरतीच्या जाहिराती येत आहेत. किती जागा, हे जाहिरातीत पहिल्या ओळीत असतं. मी मात्र जाहिरात हातात आली की खाली शिकाऊ उमेदवारांचा आकडा शोधतो. तो आकडा पुढच्या तीस वर्षांचा असतो, वरचा या ऑर्डरीपुरता.

माझ्या सहीचा तो कागद आता कुठे असेल ठाऊक नाही, बहुधा यार्डाबरोबर रद्दीत गेला. मेस्तांचा खडू मात्र माझ्याकडे आहे. त्यांच्या मुलाकडे भेटायला गेलो तेव्हा त्याने हत्यारांची पेटी उघडून दाखवली आणि खडूचा तुकडा मला दिला. तो स्वतः बँकेत आहे. म्हणाला, “बाबा घरी वहीत काहीतरी रेघा काढायचे, आम्ही ती वही टाकून दिली.” मी काही बोललो नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. मांडवी, जुवारी, शापोरा, तेरेखोलच्या काठी, आणि खाली कारवारपर्यंत, ज्यांच्या घरात होड्या, पडाव, बार्ज बांधणारे कोणी होते, त्यांनी पेट्या उघडून बघाव्यात. साचे, वह्या, हजेरीपट, पगाराच्या चिठ्ठ्या, काहीही चालेल. टाकून देण्याआधी मंडळाला कळवा. आम्ही येऊन फोटो काढू आणि वस्तू तुमच्याकडेच ठेवू. आणि घरात अजून कोणी वयस्क मेस्त असतील, तर फोटोची वाट बघू नका. त्यांच्याजवळ बसा आणि त्यांना रेघ कशी ओढायची ते विचारा.